हिऱ्याच्या भुकटीचा ठोकळा : काट्यावरचा दाब आणि पोकळीतला दाब

गेल्या अंकात अवजारांच्या टोकाला बसवल्या जाणाऱ्या हिऱ्याच्या चकत्यांची, म्हणजे कारखान्यात ज्यांना पीसीडी म्हणतात त्यांची, छोटी माहिती दिली होती. टंगस्टन कार्बाइडच्या गोल तुकड्यावर हिऱ्याची भुकटी पसरायची, ५ ते ६ गिगापास्कल दाब आणि १४०० ते १५०० अंश सेल्सिअस तापमान द्यायचे. खालच्या कार्बाइडमधला कोबाल्ट वितळून भुकटीत शिरतो आणि काही मिनिटांत घट्ट थर तयार होतो. (१ गिगापास्कल म्हणजे सुमारे १०,००० वातावरणांइतका दाब.) त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, ती आटोपशीर केली आहेत. कालिनाच्या विद्यार्थिनीला जागा जास्त दिली आहे, कारण तिच्या चकतीत जे बिघडले तेच या विषयाचे खरे दुखणे आहे.

प्रश्न : मी ऑपेरा हाउसला हिऱ्यांच्या ऑफिसात आहे. घसाईत निघणारी हिऱ्याची पूड फेकून देत नाहीत, जमवून विकतात. तीच पूड दाबून, तापवून एक मोठा हिरा का करत नाहीत? (एक वाचक, गिरगाव)

दाबून ठोकळा होतो, दागिन्यातला हिरा होत नाही. दागिन्यातला हिरा हा एकच अखंड स्फटिक असतो. भुकटीतला प्रत्येक कण वेगळा स्फटिक, आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. ते एकमेकांना चिकटतात, एकजीव होत नाहीत.

आता गंमत अशी की निरनिराळ्या दिशांचे स्फटिक एकत्र आले म्हणून ठोकळा अपारदर्शक होतो, असे नाही. हिऱ्याची रचना घनीय असल्याने प्रकाशाला दिशेचा फरक पडत नाही. प्रकाश अडतो तो मधल्या पोकळ्यांमुळे, उरल्यासुरल्या ग्राफाइटमुळे आणि कोबाल्टमुळे. या तिन्ही गोष्टी टाळल्या तर बहुस्फटिकी हिराही आरपार दिसतो. जपानमधल्या एहिमे विद्यापीठात तेत्सुओ इरिफुने आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तसा तुकडा करून दाखवला, १० ते २० नॅनोमीटरच्या कणांचा. पण त्यांनी हिऱ्याची भुकटी वापरलीच नाही. शुद्ध ग्राफाइटचा घट्ट तुकडा घेतला, आणि १२ ते २५ गिगापास्कल दाब व २३०० ते २५०० अंश तापमानाच्या टापूत त्याचा थेट हिरा केला. सुरुवातच भरीव तुकड्याने असल्यामुळे मध्ये पोकळी उरत नाही. भुकटीने सुरुवात करणाऱ्याला ही सोय नाही.

तुमच्याकडच्या पुडीची आणखी एक अडचण. घासण्याच्या चाकावरून निघालेल्या पुडीत बिडाचे लोखंड असते, तेल असते, आणि घर्षणाने हिऱ्याचा बराच भाग साध्या कार्बनमध्ये बदललेला असतो. आम्लात उकळून ती साफ करता येते, पण तोवर झालेला खर्च पाहता कृत्रिम हिऱ्याची मायक्रॉन पावडर विकत घेतलेली परवडते. ही पूड पॉलिशच्या पेस्टमध्येच शोभते.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी स्फोटातून बनवलेली ५ नॅनोमीटर कणांची हिऱ्याची भुकटी घेतली. बाइंडर (कणांना जोडणारा वेगळा पदार्थ) नाही. टँटलमच्या कपात भरून सहा ऐरणींच्या घनाकार प्रेसमध्ये ५.५ गिगापास्कल, १५०० अंश, १० मिनिटे ठेवली. दरवेळी काळी चकती मिळते, बोटाला काळे लागते, आडवे पापुद्रे सुटतात. एक्स-रे विवर्तनात हिऱ्याची रेषा आहे, पण २६.५ अंशांपाशी नवी रेषा आली आहे. दाब कमी पडला का? (विद्यार्थिनी, कालिना)

२६.५ अंशांवरची रेषा ग्राफाइटची आहे. बोटाला लागते तेही तेच. दाब कमी पडला हे खरे, पण जिथे कमी पडला ती जागा काट्यावर दिसत नाही. पापुद्र्यांचे कारण मात्र वेगळे आहे. ते पुढे येईलच.

आधी काट्यावरचा दाब पाहू. हिरा आणि ग्राफाइट यांच्या सीमारेषेची दोन समीकरणे सर्रास वापरतात. केनेडींच्या समीकरणाने (किलोबारमध्ये दाब = १९.४ + सेल्सिअस तापमान भागिले ४०) १५०० अंशांना ५.७ गिगापास्कल येतात. बर्मन-सायमनच्या समीकरणाने ५.५ येतात. म्हणजे तुमची भट्टी एका हिशेबाने नेमकी रेषेवर आणि दुसऱ्या हिशेबाने ग्राफाइटच्या बाजूला उभी आहे. त्यात ५.५ हा आकडा थंड असताना केलेल्या कॅलिब्रेशनचा असणार : बिस्मथचा विद्युतरोध २.५५ गिगापास्कलला उडी घेतो, बेरियमचा ५.५ च्या आसपास, आणि त्यावरून तेलाच्या दाबाचा तक्ता बनवतात. तापल्यावर तो तक्ता जसाच्या तसा लागू पडत नाही. कपाभोवतीचा पायरोफिलाइटचा (एका मऊ दगडाचा) ठोकळा आतल्या बाजूने तापला की त्याची कायनाइट आणि कोएसाइट ही जास्त घनतेची खनिजे होतात, आकारमान घटते आणि आतला दाब उतरतो, तेलाचा काटा तिथेच असतो. म्हणून सीमारेषेवर निदान १० टक्के तरी वरकड दाब हाताशी हवा. ५.५ वरच थांबणे भाग असेल तर तापमान १३५० च्या वर नेऊ नका. तिथे रेषा ५.३ ला आहे, म्हणजे तिथेही हात आखडताच राहतो.

तरीही ही अडचण दुय्यम आहे. समजा प्रेस ७ गिगापास्कलला गेला, तरी ग्राफाइट येऊ शकते. सुपाऱ्यांनी भरलेल्या डब्यावर वरून कितीही भार दिला तरी सुपारी जिथे सुपारीला टेकते तिथेच तो पोचतो. मधल्या फटीतल्या हवेला त्याची खबरही नसते. साध्या सिरॅमिकच्या भुकटीत कण मऊ पडून फटी बुजतात. हिरा सहजी मऊ पडत नाही. दोन कणांच्या टेकणीवर सरासरीच्या कितीतरी पट दाब येतो, आणि फटीकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर जवळपास काहीच येत नाही. त्या पृष्ठभागाच्या दृष्टीने भट्टीत दाब नाहीच, फक्त १५०० अंशांची धग आहे. तिथे हिऱ्याचे ग्राफाइट होणारच. टेकणीवर हिरा सुरक्षित आणि फटीत ग्राफाइट, असे दोन्ही एकाच चकतीत, एकाच वेळी घडते.

आणि ५ नॅनोमीटरच्या कणाला हे फार महाग पडते. हिऱ्याच्या अणुथराची जाडी सुमारे ०.२ नॅनोमीटर. ५ नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा असा एक थर गेला तर कणाचे २२ टक्के वस्तुमान गेले. दोन थर गेले तर ४० टक्क्यांहून जास्त. १ मायक्रॉनच्या कणाला हेच दोन थर पाव टक्क्यालाही पडत नाहीत. शिवाय हिऱ्याची घनता ३.५१ आणि ग्राफाइटची २.२६, म्हणजे तयार झालेले ग्राफाइट दीडपटीहून जास्त जागा मागते. फट त्याने भरते खरी, पण मऊ पदार्थाने. पुढे तिथे हिरा-हिरा बंध जमण्याची शक्यता संपते.

आता पापुद्रे. याचे उत्तर बहुतेक तुमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर आहे. ५ नॅनोमीटरच्या भुकटीचे १ ग्रॅमचे पृष्ठफळ हिशेबाने ३४० चौरस मीटर होते. त्यावर पाण्याचा एकच रेणूजाड थर बसला तरी ते पाणी ०.०९ ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे वजनाच्या नऊ-दहा टक्के. मुंबईत जून ते सप्टेंबर बाटलीचे झाकण उघडले की हा थर बसतोच. भुकटी कोरडी दिसते, हाताला कोरडी लागते, याला काही अर्थ नाही. त्याखेरीज या कणांच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल वगैरे गट असतात, तेही तापल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतात. बंद कपात हा सगळा वायू जाणार कुठे? दाबाखाली तो फटी उघड्या ठेवतो, कार्बनशी खेळतो, आणि दाब उतरवताना फुगून चकतीला आडवी फोडतो. पापुद्रे नेहमी दाबाच्या दिशेला काटकोनात सुटतात, तुमचेही तसेच असणार.

कपात भरण्यापूर्वीची कामे अशी. विकत आणलेल्या भुकटीतली राख आधी मोजा : ठरावीक वजन मुशीत घेऊन ८५० अंशांना हवेत पूर्ण जाळा आणि उरलेले तोला. १ टक्क्याच्या वर राख असेल तर त्यात बहुधा लोखंड आहे, आणि लोखंड ग्राफाइट व्हायला मदतच करते. ती भुकटी परत करा. मग हवेत ४०० ते ४३० अंशांना काही तास ठेवा. यात कणांवरचा काळा, ग्राफाइटसारखा कार्बन जळतो आणि हिरा बराचसा टिकतो. रंग काळ्याचा राखाडी होतो. ४५० च्या पुढे हिराही जळू लागतो, म्हणून भट्टीच्या पॅनेलवर विसंबू नका, भुकटीच्या अगदी शेजारी थर्मोकपल ठेवा. यानंतर निर्वात भट्टीत, १० चा उणे तिसरा घात पास्कल किंवा त्याहून चांगल्या निर्वातात, ७०० अंशांपर्यंत हळू नेऊन काही तास. ३०० पर्यंत पाणी जाते, पुढे गट सुटतात. निर्वातमापीचा काटा दर टप्प्याला वर उसळतो. तो परत बसल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका. ९०० च्या वर मात्र निर्वातातच कणांवर पुन्हा ग्राफाइट चढू लागते. भट्टीतून काढलेली भुकटी हवा न लागता ग्लव्ह बॉक्समध्ये (बाहेरची हवा न शिरणाऱ्या, हातमोजे बसवलेल्या पेटीत) न्यायची, तिथेच कपात भरायची आणि झाकण बसवायचे. मधल्या दहा मिनिटांत हवेत राहिली तर सकाळपासूनचे काम पाण्यात.

भरताना सैल भरू नका. या भुकटीची सैल घनता ०.३ ते ०.५ असते, म्हणजे कपात नऊ भागांतले आठ भाग हवाच. अशा कपाला दाब दिला की तो चेमटतो, भोवतीची ग्राफाइटची हीटर-नळी वाकते, आणि तापमान एका बाजूला २०० अंशांनी चढते. आधी स्टीलच्या डायमध्ये गोळी दाबून घ्या. तरी ती निम्म्याच्या आतच भरीव होईल. हीटरची उंची ठरवताना हे आखडणे धरा.

कपाभोवतीचे भागही पाणी धरतात, आणि हे हमखास विसरले जाते. मिठाची बाही वापरत असाल तर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत होते तेच. ती १५० अंशांना वाळवून डेसिकेटरमध्येच ठेवा. पायरोफिलाइटचे ठोकळेही १२० ते १५० अंशांना रात्रभर वाळवा, पण ५००-६०० कडे नेऊ नका. तिथे त्याचे रचनेतले पाणी जायला लागते, दगड कडक होतो आणि ऐरणींच्या मधून वाहून गॅस्केट (फटी बंद करणारी कड) होण्याऐवजी तडकतो.

क्रम : आधी पूर्ण दाब, मग तापमान. संपवताना आधी तापमान, मग दाब. उलटे केले तर काही क्षण का होईना हिरा कमी दाबात तापलेला राहतो. दाब उतरवायला घाई नको. चढवायला लागला त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ द्या. चकत्या बहुतेक वेळा उतरणीवर तडकतात, आणि गॅस्केट सुटून होणारा धडाकाही बहुधा उतरणीवरच होतो. त्या वेळी प्रेसच्या दारासमोर कोणी उभे राहू नये.

एवढे सगळे केले तरी ५.५ गिगापास्कलवर बाइंडरशिवाय ५ नॅनोमीटरची भुकटी खऱ्या अर्थाने जुळेल, अशी आशा आम्ही दाखवणार नाही. ग्राफाइट कमी होईल, पापुद्रे थांबतील, चकती हातात टिकेल. कण-कण बंध कच्चेच राहतील. हिऱ्यात कार्बनचे अणू जागचे हलायला कमालीचे नाखूश असतात. बाइंडर नसलेल्या भुकटीसाठी २००० अंश आणि त्याला साजेसा ७ ते ८ गिगापास्कल दाब ही सुरुवात आहे. जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधकांनी ७.७ गिगापास्कलवर २००० अंशांच्या पुढे जाऊन काम केले, तेही मॅग्नेशियम कार्बोनेट बाइंडर म्हणून घेऊन.

कोबाल्ट का नको, हेही सांगून टाकू, कारण तुमचे मार्गदर्शक ते सुचवतीलच. चकतीखाली कोबाल्ट ठेवून तो वर चढवायचा तर वाट हवी. कणांमधल्या वाटेची सुलभता कणाच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे घटते : १० मायक्रॉनवरून ५० नॅनोमीटरवर आलात की ती ४०,००० पटींनी कमी. कोबाल्ट वरच्या कातडीत अडतो, पलीकडे कोरडी भुकटी राहते. आधीच मिसळून दिला तर पोचतो, पण मग तो लहान कण विरघळवून मोठ्यांवर चढवतो आणि दहा मिनिटांत नॅनो नावापुरतेही उरत नाही. मधूनमधून एखादा कण बाकीच्यांना गिळून शेकडो मायक्रॉनचा होतो. बारीक कणांच्या पीसीडीत हे रोखायला टंगस्टन कार्बाइडसारखी भर घालतात. त्याने वेग कमी होतो, थांबत नाही.

तुमच्या प्रेसवर जमण्यासारखा रस्ता सिलिकॉनचा आहे. दाबाखाली सिलिकॉनचा वितळणबिंदू वाढत नाही, उलट १४१४ वरून खाली येतो, त्यामुळे १३५० अंशांना तो पातळ असतो, फटीत शिरतो आणि हिऱ्याशी जुळून सिलिकॉन कार्बाइड होतो. पातळ द्रव फटीत आला म्हणजे दाबही फटीत आला, हा खरा फायदा. पण निव्वळ ५ नॅनोमीटरची भुकटी यातही घेऊ नका. प्रत्येक कणाचा अर्धा नॅनोमीटर थर कार्बाइडमध्ये गेला तर हिऱ्याचा निम्मा भाग संपतो. २ ते ४ मायक्रॉनची पावडर मुख्य, त्यात नॅनो भुकटी ५ ते १० टक्के, आणि सिलिकॉन वजनाने सुमारे १५ टक्के. त्यातला बराचसा चकतीच्या खाली वेगळ्या थरात ठेवा. ५ ते १० मिनिटे पुरतात. कार्बाइड होताना आकारमान घटते, म्हणून सिलिकॉन काटेकोर मोजून कमी घालण्यापेक्षा किंचित जास्त बरा.

तपासणीत एक खाच. एक्स-रेमध्ये हिऱ्याची मुख्य रेषा ४३.९ अंशांना येते आणि ५ नॅनोमीटरच्या कणांना तिची रुंदी १.७ अंशांच्या आसपास असते. रेषा अरुंद झाली तर कण वाढले. कोबाल्ट वापरलात तर त्याची रेषा ४४.२ ला येऊन हिच्यात मिसळते आणि रुंदीचा हिशेब बिघडतो. रामन वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून केलेल्या तपासणीत) १३३२ ची हिऱ्याची रेषा हिरव्या लेझरने दिसली नाही म्हणून घाबरू नका. दृश्य प्रकाशात ग्राफाइट हिऱ्याच्या कित्येक पट ओरडते. थोडे ग्राफाइट आहे की फार, हे रामनवरून ठरवू नका. घनता मोजा.

प्रश्न : नॅनोकणांचा ठोकळा नैसर्गिक हिऱ्यापेक्षाही कठीण असतो असे वाचले. हिऱ्यापेक्षा कठीण हिरा कसा? (एक वाचक, ठाणे)

एकाच स्फटिकाचा हिरा सगळीकडून सारखा कठीण नसतो. काही दिशांनी तो सहज घासला जातो, काही पातळ्यांवर तर एका ठोक्यात दुभंगतो. हिरे फोडणाऱ्या कारागिरांचे पोट त्यावरच चालते. नॅनोकणांच्या घट्ट ठोकळ्यात तडा दर काही नॅनोमीटरवर नव्या दिशेच्या कणाला धडकतो, सरळ धावू शकत नाही. त्यामुळे ठोकळ्याला दुबळी दिशाच उरत नाही. एहिमेच्या नमुन्यांची नूप कठीणता (हिऱ्याच्या टोकाने खळगा पाडून मोजलेली) ११० ते १४० गिगापास्कल भरली, जी चांगल्या एकस्फटिकाच्या बरोबरीची किंवा वरची आहे.

यापुढचे आकडे वाचताना हात राखून वाचा. २०१४ मध्ये चीनच्या यानशान विद्यापीठाच्या गटाने कांद्यासारख्या थरांच्या कार्बनपासून २० गिगापास्कल आणि २००० अंशांना जुळ्या स्फटिकांचा हिरा केला आणि कठीणता २०० गिगापास्कलच्या घरात सांगितली. वाद झाला तो मापनावर. हिऱ्याच्या टोकाने हिऱ्यावर खळगा पाडायचा, म्हणजे मोजपट्टीच मोजायच्या वस्तूइतकी मऊ. १ किलो भाराला १०० गिगापास्कलच्या नमुन्यावर खळग्याचा कर्ण फक्त १३.५ मायक्रॉन येतो. वाचनात अर्धा मायक्रॉन इकडे-तिकडे झाला की उत्तर ९३ तरी येते नाहीतर १०८. जिथे भार आणि खळग्याचा फोटो दिलेला नाही, तिथला कठीणतेचा आकडा आम्ही जमेस धरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे १०० टनांचा हायड्रॉलिक प्रेस रिकामा आहे. त्यावर हिऱ्याची चकती दाबता येईल का? (वर्कशॉपचालक, डोंबिवली)

कागदावर १०० टन भार २ चौरस सेंटिमीटरवर दिला की ५ गिगापास्कल होतात. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा गॅस्केटच खाते. तो भार सोसायला ऐरण लागते कमी कोबाल्टच्या टंगस्टन कार्बाइडची, तीही भोवती ताणून बसवलेल्या स्टीलच्या कड्यांत; नुसत्या कार्बाइडची दाबशक्ती ५-६ गिगापास्कलला संपते आणि हत्यारी स्टीलची त्याच्या खूप आधी. गॅस्केट सुटले की ऐरणीचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे जातात. या भानगडीत पडू नका.

त्याच प्रेसवर दुसरे काम उत्तम होते : संगमरवर, ग्रॅनाइट कापायच्या चकतीचे सेगमेंट, म्हणजे कडेचे कापणारे तुकडे. कोबाल्ट किंवा ब्राँझच्या पावडरीत हिऱ्याचे दाणे मिसळून ग्राफाइटच्या साच्यात ७५० ते ९०० अंशांना, ३५ मेगापास्कलच्या आसपास दाबतात. १०० टनांत त्या दाबाला २८० चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते, म्हणजे एका वेळी बरेच नग. इथे हिरा सीमारेषेच्या कितीतरी खाली असतो, तरी ९०० च्या आत, हवा न लागता, काही मिनिटांत त्याला फारसे काही होत नाही. ९५० झाले की दाण्याची धार काळवंडते आणि सेगमेंट दगडावर नुसता घसरतो.

प्रश्न : सिलिकॉनवाल्या अॅल्युमिनियमचे भाग टर्न करतो. पीसीडीची टीप शँकवर (अवजाराच्या दांड्यावर) ब्रेझ केली, म्हणजे चांदीच्या रॉडने जोडली, की कधी कडेला केसासारखे तडे दिसतात, कधी पहिल्याच जॉबला धार उडते. टीप खराब की ब्रेझिंग? (साकीनाका)

बहुधा ब्रेझिंग. पीसीडीत कणांच्या मध्ये कोबाल्ट राहिलेला असतो. खोलीच्या तापमानाला तो हिऱ्याच्या बारा-तेरा पट फुगतो, आणि ७०० अंशांच्या पुढे दोन गोष्टी एकदम होतात : फुगलेला कोबाल्ट कणांचे बंध तोडतो, आणि हाच कोबाल्ट, जो ५ गिगापास्कलला हिरा जोडत होता, साध्या दाबात हिऱ्याचे ग्राफाइट करायला लागतो. म्हणून ७०० ही लक्ष्मणरेषा समजा.

कार्बाइडसाठी नागदेवी स्ट्रीटवर सर्रास मिळणारी रॉड, ४९ टक्के चांदी आणि मँगनीज-निकेलवाली (बीएजी-२२), ६८० ला वितळू लागते आणि ६९९ ला पूर्ण पातळ होते. हाताच्या टॉर्चने ती वाहीपर्यंत तापवलीत तर टीप ७५० ला गेलेली असते. त्याऐवजी ५६ टक्के चांदी आणि कथिलवाली (बीएजी-७) घ्या. ती ६५० च्या आसपास वाहते. याहून खाली वाहणाऱ्या रॉडमध्ये कॅडमियम असते. तिचा धूर छातीला घातक, दुकानदार कितीही म्हणाला तरी नको. शँकची खाच ग्रिट-ब्लास्ट करून तेल काढा, फ्लक्स पातळ लावा, ज्वाला शँकवर ठेवा, टिपेवर कधीच नाही. फ्लक्स काचेसारखा स्वच्छ पातळ झाला आणि रॉड खाचेत ओढली गेली की लगेच बाजूला. टीप हलकेच दाबून धरा, लाली जाईपर्यंत हात काढू नका, आणि पाण्यात बुडवू नका. वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये आपोआप गार होऊ द्या. कडेचे केसासारखे तडे बहुतेक पाण्याचे असतात.

पहिल्याच जॉबला धार उडते तेव्हा मात्र आधी जॉब तपासा. त्यात पोलादाची इन्सर्ट-बुश असेल तर लोखंड गरम टोकातला कार्बन विरघळवून घेते. तिथे पीसीडी चालत नाही, सीबीएन (घनीय बोरॉन नायट्राइड) लावा. आम्लाने कोबाल्ट काढून टाकलेली पीसीडीही मिळते, निर्वातात ती १२०० अंशांपर्यंत टिकते, पण ती तेलविहिरींच्या बिटांसाठी; तुमच्या कामात तिचा उपयोग नाही, आणि चांदीची रॉड तिला नीट धरतही नाही.

धार परत काढताना वायर-कट (तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापणे) चालते, कारण कोबाल्टमुळे टिपेतून वीज वाहते. हल्ली बाइंडर नसलेल्या नॅनोहिऱ्याच्या टिपाही बाजारात आहेत. त्यातून वीज वाहत नाही, वायर-कटवर ठिणगीच पडत नाही. त्या लेझरने कापून हिऱ्याच्या चाकावर घासाव्या लागतात. घेण्यापूर्वी धार कोण काढून देणार हे विक्रेत्याला विचारून ठेवा.